रोजच्या कापूस खरेदी शीटला ‘पुसा’ बटण असावं का? मतं मांडा

काटापट्टी
हंगाम तोंडावर आहे म्हणून हा विषय आत्ताच काढतो. खरेदीवर शेवटची गाडी खाली झाली की त्या दिवसाचं एक्सेल शीट छापायचं, आकडे पुसायचे, फॉर्म्युले तसेच ठेवायचे आणि सकाळी कोरं शीट तयार, अशी पद्धत बहुतेक ठिकाणी आहे. हे पुसणं हातानं व्हावं की मॅक्रोनं, म्हणजे बटण दाबलं की ठरलेली कामं आपोआप करणाऱ्या एक्सेलमधल्या छोट्या प्रोग्रामनं? माझं मत मॅक्रोनं. मात्र बाजारात फिरणाऱ्या तयार मॅक्रोनं नाही.

बोलणं एकाच शीटवर व्हावं म्हणून मांडणी सांगतो. ओळ ६ ते १२५, म्हणजे १२० गाड्या. ए अनुक्रमांक, बी नाव, सी गाव, डी गाडी नंबर, ई भरती वजन, एफ खाली वजन, जी निव्वळ क्विंटल, एच ओलावा, आय भाव, जे रक्कम, के वजावट, एल देय. वर आय२ मध्ये मूळ भाव. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये, तो ८ टक्के ओलाव्याला. पुढं १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्याला एक टक्का कपात. म्हणजे १० टक्के ओलाव्याला ७,९४७ रुपये ८० पैसे. हे सगळं आय कॉलमचा फॉर्म्युला करतो. माणूस फक्त बी ते एफ आणि एच भरतो.

आता तो तयार मॅक्रो. त्यात ‘स्पेशलसेल्स’ला सांगतात, ज्या सेलमध्ये फॉर्म्युला नाही ते सगळे शोध, आणि ‘क्लिअरकंटेंट्स’नं पुस. ऐकायला छान वाटतं. पण एक्सेलला ‘हा आकडा आजचा आणि हा कायमचा’ असा फरक कळत नाही. आय२ मधला ८,११० हा त्याच्या लेखी हातानं टाकलेला आकडाच, गेला. अनुक्रमांक १, २, ३ टाइप केलेले असतील तर तेही गेले. फक्त आकडे पुसायला सांगितलं तरी तारीख जाते, कारण एक्सेलमध्ये तारीख हा आकडाच असतो.

याच्या उलटही होते. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या असल्या की ऑपरेटर ई कॉलममध्ये =४२१०+३८८५ असं टाकतो. बरोबरच्या चिन्हानं सुरू झालं म्हणजे एक्सेलसाठी तो फॉर्म्युला. मॅक्रो त्याला हात लावत नाही आणि कालचं वजन आजच्या शीटवर बसून राहतं.

म्हणून काय पुसायचं ते आपण नाव देऊन सांगावं. बी६:एफ१२५ निवडा, कंट्रोल दाबून ठेवून एच६:एच१२५ निवडा, डावीकडे वर नेम बॉक्समध्ये रोमन लिपीत ‘इनपुट’ असं नाव लिहा, एंटर. मॅक्रोत मग एकच ओळ: रेंज "इनपुट", क्लिअरकंटेंट्स. ‘क्लिअर’ लिहू नका, रंग-रेघा जातात. ‘डिलीट’ तर नकोच. सेल सरकतात आणि फॉर्म्युल्यांत #रेफ! ही चूक येते. क्लिअरकंटेंट्सनं ओलाव्याची ड्रॉपडाउन यादीसुद्धा जागेवर राहते.

वर्धाकाठ
माझा विरोध मुळापासून आहे. पुसायचंच काहून? एका शीटवर तारखेचा कॉलम घाला आणि हंगामभर खाली खाली लिहीत जा. रोज १२० गाड्या, १०० दिवस, झाल्या १२,००० ओळी. एक्सेलमध्ये २००७ पासून १०,४८,५७६ ओळी आहेत. पाच कॉलमांचे फॉर्म्युले धरले तरी ६०,००० होतात, जुनं मशीनसुद्धा ते ओढतं. दिवसाची छपाई हवी तर तारखेवर फिल्टर लावा, बेरजेला सबटोटल वापरा, ती फक्त दिसणाऱ्या ओळींचीच होते. शेतकरी १५ दिवसांनी पावती घेऊन आला की एका शोधात त्याची गाडी सापडली पाहिजे. रोजच्या १०० वेगळ्या फायली उघडत बसणं म्हणजे शेतकऱ्याला उन्हात उभं ठेवणं.

काटापट्टी
शेतकऱ्याला थांबवू नये, हे शंभर टक्के मान्य. पण लांब नोंदवहीत एक खड्डा आहे. मूळ भाव आय२ मध्ये एकच आहे आणि सगळ्या ओळी त्याकडे बघतात. खासगी खरेदीत भाव रोज हलतो. आज आय२ बदलला की मागच्या ४० दिवसांच्या रकमा एका क्षणात बदलल्या, आणि छापलेली पावती नि शीट जुळेना. नोंदवही ठेवायची तर प्रत्येक ओळीत मूळ भावाचा वेगळा कॉलम हवा, किंवा तारीखवार भावाचा तक्ता करून लुकअप, म्हणजे तारखेवरून भाव शोधून आणणारा फॉर्म्युला, लावायला हवा. हे न करता नोंदवही सुरू करणं पुसण्यापेक्षा धोक्याचं.

वर्धाकाठ
बरोबर, ओळीत भाव हवाच. तारीखवार तक्ता लावला तर तारखा चढत्या क्रमानंच असाव्या, नाहीतर लुकअप चुकीचा भाव उचलतो आणि काही बोलत नाही.

पऱ्हाटी
मी तिसऱ्या बाजूनं बोलते. काटापट्टीभाऊ, तुम्ही नाव दिलं तिथंच काम संपलं, मॅक्रो लागतोच कुठं? नेम बॉक्सच्या बाणावर क्लिक करा, ‘इनपुट’ निवडा, सगळे भरायचे सेल एकदम निवडले जातात, डिलीट दाबा. दोन क्लिक आणि एक बटण. चुकलं तर कंट्रोल झेड आहे. मॅक्रो चालला की एक्सेलची अनडूची यादीच रिकामी होते. छपाईच्या आधी बटण दाबलं गेलं तर दिवसभराच्या गाड्या परत येत नाहीत.

दुसरं, मॅक्रोची फाइल एक्सएलएसएम प्रकारची लागते. कोणी सवयीनं साध्या एक्सएलएसएक्समध्ये सेव्ह केली आणि इशाऱ्याला ‘हो’ म्हटलं की मॅक्रो गळतो, बटण नुसतं चित्र म्हणून उरतं. इंटरनेटवरून आलेल्या फायलींचे मॅक्रो मायक्रोसॉफ्टनं २०२२ पासून आपोआप अडवायला सुरुवात केली. मेलनं आलेली फाइल उघडली की वर लाल पट्टी येते, तिथं ‘चालू करा’ असं बटणसुद्धा नसतं. फाइल बंद करून, तिच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली ‘अनब्लॉक’ला टिक. हे खेड्यावरच्या ऑपरेटरला फोनवर समजावण्यापेक्षा डिलीट दाबायला शिकवणं सोपं. आणि मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये हे मॅक्रो चालतच नाहीत.

काटापट्टी
ताई, अनडूचा मुद्दा खरा आहे. पण डिलीट दाबण्याआधी त्या दिवसाची प्रत कोण ठेवणार? माणूस विसरतो, विशेषतः रात्री साडेआठला शेवटची गाडी खाली झाल्यावर. मॅक्रो विसरत नाही. माझ्या बटणाचा क्रम असा: आधी विचारायचं, ‘नाही’ हे उत्तर आधीपासून निवडलेलं, मग ‘सेव्हकॉपीॲज’नं तारखेच्या नावानं प्रत, मग पुसणं.

यात दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. पहिलं, प्रतीच्या नावात फक्त तारीख असते. संध्याकाळी बटण दाबलं, प्रत झाली, शीट पुसलं. पुसलं की नाही अशी शंका आली म्हणून पुन्हा दाबलं. आता कोऱ्या शीटची प्रत त्याच नावानं भरलेल्या प्रतीवर बसली, कारण सेव्हकॉपीॲज न विचारता जुनी फाइल झाकतो. नावात तास-मिनिट-सेकंद घाला. दुसरं, मॅक्रोच्या पहिल्याच ओळीत ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’, म्हणजे चूक आली तरी पुढं जा. स्पेशलसेल्सला काहीच सापडलं नाही तर १००४ नंबरची चूक येते, ती दाबायला ही ओळ टाकतात. पण मग पेन ड्राइव्ह लावलेला नाही, प्रत झालीच नाही, तरी मॅक्रो मुकाट्यानं पुढं जातो आणि पुसतो. ही ओळ काढाच. प्रत झाली नाही तर मॅक्रो तिथंच अडला पाहिजे.

सेवाकेंद्र
वादात न पडता दोन कामाच्या गोष्टी. शीटचं नाव ‘खरेदी’ असं मराठीत ठेवलं आणि मॅक्रोत तेच टाइप केलं की तिथं प्रश्नचिन्हं उमटतात. मॅक्रो लिहायच्या खिडकीला देवनागरी येत नाही. मग चालवताना ९ नंबरची चूक, ‘सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज’. म्हणूनच वर ‘इनपुट’ रोमनमध्ये लिहायला सांगितलं ते बरोबर. शीटचं बाहेरचं नाव खुशाल मराठीत ठेवा, मॅक्रोत ‘शीट१’ हे आतलं कोडनेम रोमनमध्ये वापरा. विचारणा खिडकीतला मजकूरही रोमन लिपीतच लिहा, मराठी टाकला तर ऑपरेटरला नुसती प्रश्नचिन्हं दिसतील आणि तो अंदाजानं ‘हो’ दाबेल.

दुसरं, ज्यांच्याकडे एक्सेलऐवजी लिबरऑफिस आहे त्यांनी त्यातल्या कॅल्क शीटमध्ये भाग निवडून डिलीटऐवजी बॅकस्पेस दाबावं. खिडकी उघडते: मजकूर, आकडे, तारीख, फॉर्म्युले, प्रत्येकाला वेगळी टिक. फॉर्म्युल्याची टिक काढा, झालं. तिथं तारीख आकड्यांपासून वेगळी आहे, हा मोठा फायदा.

पऱ्हाटी
बॅकस्पेसचं छान सांगितलं. पण ट्रॉलीवाला =४२१०+३८८५ तिथंही मागं राहील, फॉर्म्युल्याची टिक काढली म्हणून.

वर्धाकाठ
आता नावाच्या पद्धतीतली खरी चूक दाखवतो, कारण तिच्यावर कोणीच बोललं नाही. काटापट्टी म्हणतात फॉर्म्युले जपले जातात. कोणते? समजा ४१ व्या ओळीतल्या गाडीचा भाव बोलीनं ७,४०० ठरला आणि ऑपरेटरनं आय४१ मधल्या फॉर्म्युल्यावरच ७४०० टाइप केलं. फॉर्म्युला तिथंच मेला. संध्याकाळी तुम्ही ‘इनपुट’ पुसलं, आय कॉलम त्यात नाही, म्हणून ७४०० तसाच राहिला. उद्या ४१ व्या ओळीत जी गाडी येईल, तिचा कापूस १० टक्के ओलाव्याचा असला तरी भाव ७,४०० च लागेल. गाडी १८ क्विंटल २५ किलोची असेल तर १,४५,०४७ रुपयांऐवजी १,३५,०५० रुपये. जवळजवळ १०,००० रुपये शेतकऱ्याच्या हातून गेले, आणि आकडा भरलेला दिसतो म्हणून कोणाच्या नजरेत येत नाही. तयार मॅक्रोनं निदान ती जागा कोरी केली असती, दिसलं तरी असतं.

आणि १२६ वी ओळ? १२१ वी गाडी आली की ऑपरेटर खाली टाइप करतो. ती ‘इनपुट’च्या बाहेर. उद्या ती तिथंच उभी.

काटापट्टी
आय४१ चा मुद्दा माझ्या मांडणीला सरळ लागतो. मान्य. उपाय मात्र मॅक्रो सोडणं हा नाही, मॅक्रोला अजून एक काम देणं हा आहे. फॉर्म्युले जपत बसायचे नाहीत, रोज नव्यानं मांडायचे. ५ वी ओळ नमुना म्हणून ठेवा, भरायचे सेल कोरे, फॉर्म्युले बरोबर, ओळ लॉक. पुसून झालं की मॅक्रो जी६:जी१२५ ला जी५ चा ‘फॉर्म्युला-आर१सी१’ (ज्यात प्रत्येक ओळ आपल्याच ओळीतले सेल बघते असं रूप) देतो, आय ते एल ला तसंच. फिलडाउन वापरू नका, तो नमुना ओळीचा रंगही खाली ओढतो. बोलीच्या भावासाठी एम कॉलम वेगळा ठेवा, ‘इनपुट’मध्ये घ्या, आणि आय चा फॉर्म्युला असा करा की एम भरला असेल तर तो घे, नाहीतर ओलाव्यावरून काढ.

१२६ व्या ओळीसाठी: बेरीज खाली नको, वर ४ थ्या ओळीत घ्या, आणि शीटला संरक्षण लावा. ‘इनपुट’ सोडून सगळे सेल लॉक असले की १२६ वर टाइपच होत नाही. गाड्या जास्त येत असतील तर १२५ च्या वर मधे ओळी घाला, नाव आपोआप वाढतं. मॅक्रोतले १२५ मात्र हातानं बदलावे लागतात.

पऱ्हाटी
संरक्षण लावलंत तर आय४१ वर ७४०० टाइप होणारच नव्हतं, मग नमुना ओळ कशाला? माझं तर म्हणणं संरक्षण, नाव आणि डिलीट, बस.

काटापट्टी
पासवर्ड दहा जणांना माहीत असतो, संरक्षण कोणीतरी काढतंच. म्हणून आय कॉलममध्ये किती फॉर्म्युले शाबूत आहेत याची मोजणी ठेवा. एका कोपऱ्यात =समप्रॉडक्ट(--इझफॉर्म्युला(आय६:आय१२५)). उत्तर १२० आलं पाहिजे, नसेल तर सेल लाल. इझफॉर्म्युला एक्सेल २०१३ पासूनच आहे, २०१० वर चालणार नाही, तिथं कंट्रोलसोबत टॅबच्या वरचं बटण दाबून फॉर्म्युले डोळ्यानं बघा. रक्कमेत अजून एक: जे६ मध्ये =इफ(काउंट(जी६,आय६)<२,"",जी६*आय६) ठेवा. नुसतं जी किंवा नुसतं आय रिकामं आहे का एवढंच बघितलं तर अर्धी भरलेली ओळ #व्हॅल्यू! देते आणि वरची बेरीजही तेच दाखवते.

सेवाकेंद्र
संरक्षण आणि मॅक्रो एकत्र असतील तर मॅक्रोत आधी संरक्षण काढा, शेवटी लावा. मधे चूक होऊन मॅक्रो थांबला तर शीट उघडं राहतं, म्हणून चूक झाल्यावर जिथं जायचं त्या भागातही संरक्षण लावायची ओळ लिहा. ‘युझरइंटरफेसओन्ली’वर (संरक्षण माणसाला, मॅक्रोला मोकळीक) भिस्त ठेवू नका, फाइल बंद करून उघडली की ती सवलत जाते. मर्ज केलेले सेल ‘इनपुट’मध्ये अर्धे आले तरी १००४ येते, नाव-गाव मर्ज करून सुंदर केलेली शीटं आधी मोकळी करा.

वर्धाकाठ
नमुना ओळ आणि एम कॉलम पटला. तरी प्रतींच्या १०० फायली मला पटत नाहीत. प्रत काढता तिथंच मॅक्रोला सांगा, त्या दिवसाच्या भरलेल्या ओळी फक्त व्हॅल्यू म्हणून (फॉर्म्युले नकोत, नुसती उत्तरं), तारीख आणि भावासकट, दुसऱ्या शीटवर शेवटच्या ओळीखाली जोडून दे, मग पूस. शेवटची ओळ शोधताना नावाच्या बी कॉलममध्ये तळातून वर या. जे कॉलममधून आलात तर "" देणारे फॉर्म्युले भरलेले समजले जातात आणि रोज १२० च्या १२० ओळी जोडल्या जातील.