वसाहती होत्या त्या देशांची पुस्तकं वर्षभर वाचायची, की आधी आपलंच दफ्तर उघडायचं?

नळस्टॉप: आमच्या कोथरूडच्या वाचनगटात पुढच्या वर्षीची बारा पुस्तकं ठरतायत. मी सुचवलं की सगळं वर्ष आफ्रिका, आशिया, कॅरिबियन इथल्या एकेकाळच्या वसाहतींना द्यावं, लेखकही शक्यतो तिथलेच घ्यावेत. यावरून गटात दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारतोय.

अप्पा बळवंत चौकात 'जागतिक इतिहास' म्हणून जे कपाट असतं ते बघा. हिटलर, नेपोलियन, चर्चिल, दुसरं महायुद्ध. स्पर्धा परीक्षांच्या गठ्ठ्यामागे मंडेला सापडला तर सापडला. ज्यांनी राज्य केलं त्यांची चरित्रं आपल्याला पाठ, आणि ज्यांच्यावर झालं त्यांची नावंही माहीत नाहीत. दादाभाईंनी १९०१ च्या पुस्तकात हिंदुस्थानची संपत्ती बाहेर कशी जाते ते आकड्यांनिशी मांडलं. गयानाचे वॉल्टर रॉडनी १९७२ मध्ये आफ्रिकेचा तसाच हिशेब मांडतात. तिथली रेल्वे खाणीतून, मळ्यातून निघाली ती थेट बंदराला गेली, गावं एकमेकांना जोडणं हा तिचा उद्देशच नव्हता. दादाभाई वाचलेल्या माणसाला रॉडनी परके वाटणारच नाहीत.

आणि कॅरिबियनमधलं हैती! तिथल्या गुलामांनी फ्रान्सच्या सैन्याला हरवून १८०४ मध्ये देश स्वतंत्र केला. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून त्यांच्याकडूनच १५ कोटी फ्रँक भरपाई मागितली. कशाची? मालकांचे मळे आणि गुलाम हातचे गेले त्याची. एवढी मोठी गोष्ट मला वयाच्या पस्तिशीत कळते, याचा मला राग येतो.

मोडीवाला: सहमत नाही. जगाचं वाचायला माझी ना नाही, पण सगळं वर्ष? पेशवे दफ्तर तुमच्यापासून अर्ध्या तासावर आहे. तिथे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे आहेत. इतिहासकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ मध्ये त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले, आणि त्या पुंजीवर आपण अजून खातोय. मोडी वाचणारी माणसं दरवर्षी कमी होतायत.

तुम्ही म्हणता ते काम, म्हणजे राज्यकर्त्यांनी लिहिलेला इतिहास तपासायचं, इथे केव्हाच सुरू झालंय. इंग्रज सरकारच्या ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास लिहिला. नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी विद्यार्थी असतानाच त्याच्यावर टीका केली. राजवाडे गावोगाव हिंडून घराघरांतले कागद जमवत राहिले. हे अर्धवट टाकून नैरोबीला कशाला जायचं?

माळ्यावरचीपुस्तकं: एक व्यवहाराची गोष्ट. यातली बरीचशी इंग्रजीत वाचावी लागणार. माझ्या आईसारखी माणसं गटात आहेत, मराठीत आलेली आधी निवडा.

गंजपेठ: दोघांच्याही बोलण्यात जोतीराव नाहीत याचं मला वाईट वाटलं. 'गुलामगिरी' १८७३ ची. अर्पण कुणाला केलीय? अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना. म्हणजे मोडीवाला, दूरच्या माणसांचं दुःख समजून घेणं ही पुण्याला नवी गोष्ट नाही. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तीही अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन.

पण नळस्टॉप, माझा खरा विरोध तुम्हाला आहे. जोतीरावांच्या लेखी इंग्रज हा एकटा जुलमी नव्हता. ज्यांना शिकूच दिलं नव्हतं त्यांच्यासाठी शाळेचं दार त्याच राजवटीत किलकिलं झालं, आणि ते त्यांनी लिहून ठेवलंय. 'सगळं परक्याने बिघडवलं' हा सूर बारा महिने ऐकला की आपल्या घरात कोण कुणाच्या मानेवर बसलं होतं ते विचारायचं राहून जातं. ही सोय काही लोकांना फार आवडते.

भांडारकररोड: 'लेखक तिथलेच' ही अट काढा. केनियात १९५० च्या दशकात इंग्रजांनी कैदेच्या छावण्यांत लोकांचे जे हाल केले त्याचे पुरावे शोधणाऱ्यांत अमेरिकन इतिहासकार कॅरोलिन एल्किन्स आणि ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड अँडरसन होते. म्हाताऱ्या केनियन लोकांच्या खटल्यात त्यांचं संशोधन उभं राहिलं. २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारने खेद व्यक्त केला आणि ५,२२८ जणांसाठी १ कोटी ९९ लाख पौंडांची तडजोड केली. माणूस कुठला यापेक्षा त्याने कागद किती तपासले ते बघा.

नळस्टॉप: भांडारकररोड, म्हणूनच 'शक्यतो' लिहिलं होतं. पण छावणीत काय झालं हे त्या म्हाताऱ्यांनी सांगितलं नसतं तर खटला उभा राहिला नसता. त्यांचा आवाज आधी ऐकायचा, एवढंच म्हणणं.

गंजपेठ, 'गुलामगिरी' यादीत पहिली घालतो. तुमची भीती मात्र ही पुस्तकं न वाचता धरलेली वाटते. अल्जीरियाच्या स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले फॅनन १९६१ मध्ये लिहितात की गोरा साहेब गेला की त्याच्या खुर्चीत देशी साहेब बसतो, आणि हे अल्जीरिया स्वतंत्र व्हायच्या आधी! नायजेरियन कादंबरीकार अचेबेंनी १९८३ मध्ये आपल्या देशाच्या दुर्दशेचा दोष थेट तिथल्या नेतृत्वावर ठेवला. केनियन लेखक न्गुगींना तुरुंगात टाकलं ते इंग्रजांनी नाही, स्वतंत्र केनियाच्या सरकारने, १९७७ च्या डिसेंबरात. गिकुयू भाषेत शेतकरी-कामगारांना घेऊन नाटक केलं म्हणून. खटला न चालवता कोंडलं, तर त्यांनी शौचालयाच्या कागदावर कादंबरी लिहिली, तीही गिकुयूतच. हे लोक आपल्या घरातल्यांना सोडत नाहीत.

मोडीवाला, १९६३ मध्ये केनिया सोडताना इंग्रजांनी काही फायली जाळल्या, काही विमानाने लंडनला नेल्या आणि २०११ पर्यंत त्यांचा पत्ता लागू दिला नाही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा आपलं दफ्तर कुणाच्या हाती गेलं? पुढे शंभर वर्षं कोणता कागद कुणाला दाखवायचा हे कुणी ठरवलं? नैरोबीचं वाचलंत तर तुमच्या रुमालांची कैफियत तुम्हाला जास्त जोरात मांडता येईल.

मोडीवाला: फायलींचा मुद्दा चांगला आहे, तो मी वापरणार. पण फरक बघा. केनियाचे कागद वाचायला जगभरचे अभ्यासक आहेत. शनिवारवाड्यातला जमाखर्च वाचायला ऑक्सफर्डहून कोण येणार? ते माणूस इथूनच तयार व्हायला हवं. सहा महिने तुमच्या पुस्तकांना द्या, सहा महिने मला द्या. बाराखडीपासून मी शिकवतो, फी घेणार नाही.

गंजपेठ: त्या सहा महिन्यांत वतनाचे आणि बलुत्याचे कागद वाचणार असाल तर माझं नाव लिहून घ्या. नुसत्या स्वाऱ्या आणि तह असतील तर मी रॉडनीच वाचेन.