मदत हवी आहे: हायड्रोमीटर मिठाच्या पाण्याची घनता कमी दाखवतोय

१ लिटर डिस्टिल्ड पाण्यात १०० ग्रॅम शुद्ध मीठ विरघळवलंय. तक्त्यात १०% द्रावणाची घनता १.०७१ आहे, हायड्रोमीटर (द्रवात तरंगवून घनता मोजायचं काचेचं उपकरण: खाली फुगा, वर पट्टी असलेली दांडी) १.०६० दाखवतो. द्रावण ३० अंश सेल्सिअसला आहे. नुसत्या डिस्टिल्ड पाण्यातही १.००० ऐवजी ०.९९६ येतं. पट्टीवर 'ग्रॅम/मिली, २०° से.' असं छापलंय. दांडीतली कागदी पट्टी सरकली असेल का?

उत्तर १
पट्टी जागेवर आहे. पाण्याची घनता १.००० असते ती ४ अंशांना. २० अंशांना ०.९९८ आणि ३० ला ०.९९६. म्हणजे हायड्रोमीटर अगदी बरोबर सांगतोय. (पट्टी विशिष्ट गुरुत्वाची, २०/२० अशी, म्हणजे २० अंशांच्या द्रवाची २० अंशांच्या पाण्याशी तुलना करणारी असती, तर २० अंशांच्या पाण्यात १.००० यायला हवं होतं.)

गडबड द्रावणात आहे. तक्त्यातले टक्के वजनी असतात. तुमचं मीठ ११०० ग्रॅममध्ये १०० ग्रॅम, म्हणजे ९.१%. त्याची घनता २० अंशांना १.०६४ आणि ३० अंशांना साधारण १.०६०. १०% हवं असेल तर ९०० ग्रॅम पाणी तोलून घ्या, त्यात १०० ग्रॅम मीठ घाला, आणि द्रावण २० अंशांवर आणूनच मोजा.

उत्तर २
वाचनाची पद्धतही तपासा. फुग्याला बुडबुडे चिकटले तर हायड्रोमीटर वर उचलला जातो आणि आकडा जास्त येतो. दांडी हलकेच फिरवून ते सोडवा. तो वरून सोडू नका: खोल जाऊन वर आला की दांडीवर राहिलेल्या द्रवाच्या वजनाने आकडा कमी येतो. दांडीला बोटांचं तेल लागलं असेल तर द्रव तिला नीट चिकटत नाही, म्हणून आधी स्पिरिटने पुसा. फुगा जारच्या भिंतीला टेकता कामा नये.

डोळा पातळीच्या किंचित खाली ठेवा, द्रवाचा पृष्ठभाग लंबगोल दिसेल. डोळा हळूहळू वर आणा. लंबगोल मिटून सरळ रेघ झाली की ती पट्टीला जिथे छेदते तो आकडा.

प्रश्नकर्ता
९.१ टक्क्यांचा हिशेब कळला, आभार! द्रव गढूळ असेल तर ही रेघ कशी दिसणार?

उत्तर २
नाही दिसत. तेव्हा द्रव दांडीला जिथवर चढलाय, तिथली वरची कड वाचा. पट्टीवरचे आकडे खाली जाताना वाढतात, त्यामुळे खरी घनता या वाचनापेक्षा थोडी जास्त असते. हायड्रोमीटरसोबत दुरुस्तीचा आकडा दिला असेल तर तो वाचलेल्या आकड्यात मिळवा.