गायिका नाझिया हसनचं एवढं नाव नेमकं कशासाठी?

रिमिक्सप्रेमी: 'ॲन ॲक्शन हिरो'मधलं 'आप जैसा कोई' ऐकून ओरिजिनल शोधलं आणि तेव्हापासून तेच लूपवर चालू आहे. ते ज्यातलं आहे तो 'कुर्बानी' सिनेमा १९८० चा, म्हणजे नाझिया तेव्हा जेमतेम १५ वर्षांची! पण आवाज काही फार तयारीचा वाटत नाही, अल्बम पण मोजकेच. मग इंडीपॉपचा, म्हणजे आपल्याकडच्या बिगरफिल्मी पॉपचा विषय निघाला की सगळे तिच्यापासूनच का सुरू करतात? त्या काळातल्या लोकांनी जरा सांगा ना.

कॅसेटवाला काका: अरे तयारीचा नाही म्हणूनच तर! तेव्हा सिनेमात बाईचं गाणं म्हटलं की लताबाई नाहीतर आशाबाई, आणि त्यात ही कराचीची, लंडनला शिकणारी पोरगी नाकात, सरळ, एकही हरकत-मुरकी न घेता गाऊन गेली. 'कुर्बानी'ची बाकी गाणी कल्याणजी-आनंदजींची, हे एकच संगीतकार बिद्दूचं, तेही लंडनला रेकॉर्ड केलेलं. हेडफोन लावून ऐक, तिच्याच आवाजावर तिचाच आवाज चढवलाय, दोन नाझिया एकदम गातायत असं वाटतं. पडद्यावर झीनत अमान होती तरी लोक विचारायचे गायलंय कोणी. फिल्मफेअर पण मिळालं तिला, त्या वयात.

सुरेल_८१: काकांशी सहमत, पण माझ्या मते खरं काम केलं ते 'डिस्को दीवाने'ने, १९८१. सोबत भाऊ झोहेब. त्याआधी आपल्याकडे बिगरफिल्मी म्हणजे गझल, भजन, भावगीत. ना सिनेमा ना हिरो, तरीही नुसता पॉपचा अल्बम धडाधड खपतो हे कंपन्यांना पहिल्यांदा कळलं. पुढे १९९५ ला अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आलं ना, ते पण बिद्दूचंच. २०१२ ला 'स्टुडंट ऑफ द इयर'ने परत 'डिस्को दीवाने'च उचललं, यातच काय ते समजा.

निशाताई: आणि अल्बम मोजके म्हणून तिला कमी नका लेखू हो. गाण्यासोबत तिने कायद्याची डिग्री घेतली, युनोत काम केलं, 'कॅमेरा कॅमेरा' १९९२ ला आला आणि मग ती गाण्यातून बाजूलाच झाली. २००० साली कॅन्सरने गेली, अवघी ३५ वर्षांची, अजून वाईट वाटतं. रिमिक्सप्रेमी, तू 'यंग तरंग' ऐक आधी, १९८४ चा. त्यातलं 'आँखें मिलाने वाले' लाव, आवाज किती मोकळा झालाय ते तुला लगेच कळेल.