मदत हवी आहे: उपजत मृत्यू आणि नवजात मृत्यूंची कारणं आयसीडी-पीएममध्ये लावताना ‘कारण अनिर्दिष्ट’चा ढीग होतोय

नोंदवही
नमस्कार मंडळी. इथे मृत्यू-आढाव्याचं काम जवळून माहीत असलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारतेय. जिल्ह्यातल्या प्रसूतिगृहांमधले उपजत मृत्यू आणि जन्मानंतर २८ दिवसांच्या आतले बाळमृत्यू अशी यादी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या आयसीडी-पीएम पद्धतीत (जन्माच्या आसपासच्या मृत्यूंच्या कारणांचं वर्गीकरण) बसवायची आहे. साचा समजलाय. आधी मृत्यूची वेळ: कळांआधी ए१ ते ए६, कळा चालू असताना आय१ ते आय७, जन्मानंतर एन१ ते एन११. ही अक्षरं वेळ सांगतात, आकडे बाळाकडचं कारण. शेजारी आईकडची स्थिती, एम१ ते एम५.

अडतंय ते इथे. केसपेपरवर नुसतं ‘आययूएफडी’ (बाळ पोटातच गेलं) किंवा ‘फ्रेश एसबी’ (ताजं दिसणारं मृत जन्मलेलं बाळ) लिहिलेलं असतं, त्यावरून वेळ कशी ठरवायची? आईचं बीपी वाढलेलं, वार आधीच सुटलेली, बाळ ३४ आठवड्यांचं, अशा मृत्यूला कारण कोणतं द्यायचं? ‘कमी दिवसांचं’, ‘गुदमरलं’ असं लिहिलं असेल तर तेच उचलायचं का? आणि सीमा २२ आठवडे की २८? पुस्तकातली व्याख्या माझ्याकडे आहे. तक्त्यात रकाने कोणते करू ते सांगा.

लेबररूम
वेळेपासून सुरुवात करा. ती चुकली की पुढचं सगळं चुकीच्या खणात जातं.

‘दाखल होताना बाळाचे ठोके’ असा रकाना करा आणि त्यात तीनच उत्तरं ठेवा: होते, नव्हते, पाहिल्याची नोंद नाही. तिसरं उत्तर ‘नव्हते’मध्ये कधीही मिसळू नका. शेजारी ‘दाखल होताना कळा सुरू होत्या का’. ठोके होते, कळा सुरू झाल्या आणि बाळ मृत जन्मलं, तर ‘आय’ गट. ठोके नव्हते आणि कळाही नव्हत्या, तर ‘ए’ गट. खरी अडचण कळा घेऊनच आलेल्या आणि ठोके न मिळालेल्या बाईची. तिथे सगळे बाळाच्या कातडीकडे पाहतात आणि ‘फ्रेश’ म्हणजे कळांमध्ये गेलं असं धरतात. हे धोक्याचं आहे. पोटात मृत्यू झाल्यावर कातडी सुटायला साधारण सहा तास तरी लागतात, त्यामुळे कळा सुरू व्हायच्या तासभर आधी गेलेलं बाळसुद्धा ताजंच दिसतं. उलट बाळ अडून कळा दिवसभर लांबल्या आणि ते मध्येच गेलं, तर जन्मताना कातडी सुटलेली असू शकते.

म्हणून ‘वेळेचा पुरावा’ असा आणखी एक रकाना ठेवा: ठोके, कातडी, काहीच नाही. ‘काहीच नाही’वाले वेगळे मोजा, ए६मध्ये ढकलू नका. ए६चा अर्थ वेळ माहीत आहे, कारण माहीत नाही. दोन्ही माहीत नसणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती वेगळीच दिसली पाहिजे.

एक तपासणी न चुकता करा. ‘फ्रेश एसबी’ लिहिलेल्या प्रत्येक पेपरवर एक मिनिटाचा अपगार गुण (जन्मताच बाळाच्या स्थितीला दिलेले ० ते १० गुण) पाहा. तिथे १ जरी असेल तरी ते उपजत मृत नव्हे. श्वास, हृदयाचे ठोके, नाळेची धडधड किंवा स्नायूंची स्पष्ट हालचाल, यातलं एक लक्षण दिसलं तरी तो जिवंत जन्म आणि मग लवकरचा नवजात मृत्यू. बॅग-मास्क (बाळाला श्वास देण्याचं साधन) वापरल्याची नोंद आणि वर ‘एसबी’ असा पेपर दिसला की तो बाजूला काढा आणि लेबर रूमच्या रजिस्टरशी ताडून बघा.

वारनाळ
तुमची ३४ आठवड्यांची केस घेऊ. आई रक्तस्राव घेऊन आली, बीपी १७०/११०, कळा नाहीत, ठोके नाहीत, वारेमागे मोठी गुठळी, बाळ १९०० ग्रॅम, व्यंग नाही.

वेळ ‘ए’. बाळाकडे ए३, म्हणजे कळांआधीची प्राणवायूची कमतरता, आयसीडी-१०मधला (आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला) कोड पी२०.०. आईकडे वार सुटणं पी०२.१, म्हणजे एम१ (वार, नाळ, पडद्यांची गुंतागुंत). बीपी पी००.०, म्हणजे एम४ (आईचे आजार). एकातच सगळं कोंबू नका. आयसीडी-१०च्या प्रसवकालीन मृत्यूच्या दाखल्यात आईसाठी दोन जागा आहेतच, एक मुख्य स्थितीची आणि एक इतर स्थितींची. तुमच्या तक्त्यातही दोन रकाने करा. मुख्य कोणती धरायची याचा नियम कोडिंगआधी कागदावर लिहा आणि मग सगळीकडे तोच लावा. आज बीपी मुख्य आणि उद्या वार मुख्य, असं झालं की दोन तालुक्यांचे आकडे शेजारी ठेवताच येत नाहीत.

आता ‘अनिर्दिष्ट’च्या ढिगाबद्दल. बाळाकडचं कारण कळलं नाही म्हणून लोक ए६ टाकतात आणि आईचा रकाना कोराच सोडतात. आयसीडी-पीएमची खरी ताकद नेमकी तिथे वाया जाते. बाळाकडे ए६ असलं तरी आईकडे एम१, एम४ भरता येतं. ओळींत ए१–ए६ आणि रकान्यांत एम१–एम५ असा आडवा-उभा तक्ता काढा. ज्यांचा खरोखर थांग लागला नाही ते फक्त ए६ आणि एम५ च्या चौकटीत उरतात. एम५ म्हणजे आईकडे काही आढळलं नाही. आईची तपासणीच झाली नसेल तर एम५ लिहू नका. बीपी, लघवीतलं प्रथिन, साखर, हिमोग्लोबिन, सिफिलिसची चाचणी, यातलं काय झालं आणि काय राहिलं याला ‘झाली/नाही’ असा रकाना हवाच.

आणि वार पाहणं. वार फेकण्याआधी पाच मिनिटं पुरतात. स्वच्छ पाण्याने धुऊन वजन करा, मागच्या बाजूला चिकटलेली गुठळी किंवा तिचा खड्डा आहे का बघा, नाळेला खरी गाठ आहे का, नाळ वारेच्या कडेला किंवा पडद्यातच सुरू होते का, पडदे हिरवट आहेत का, वास येतोय का. रोगनिदानतज्ज्ञ नसला तरी एवढं नोंदवता येतं. नाळ मानेभोवती होती एवढ्यावरून मात्र तेच कारण लिहू नका. जिवंत, धडधाकट बाळांतही ती सर्रास दिसते.

आकडेमोड
‘कमी दिवस’ आणि ‘गुदमरणं’ याबद्दल आयसीडी-१०मध्ये स्पष्ट नियम आहे, नियम पी१. दाखल्यात पहिल्या जागी हृदय बंद पडणं, प्राणवायूची कमतरता (पी२०, पी२१) किंवा अपुरे दिवस (पी०७) लिहिलं असेल आणि बाळाची दुसरी एखादी स्थितीही नोंदलेली असेल, तर ती दुसरी स्थिती मुख्य धरायची आणि आधीची खाली न्यायची. म्हणजे ३० आठवड्यांचं, १२०० ग्रॅमचं बाळ तिसऱ्या दिवशी फुप्फुसं न उघडल्यामुळे गेलं, तर मुख्य कारण पी२२.०, गट एन७ (श्वास आणि हृदयाचे विकार). नुसतं पी०७ घातलंत तर ते एन९मध्ये (कमी वजन, अपुरे दिवस) जाईल आणि श्वासाचा आजार दिसणारच नाही.

पुढची अडचण तुलना करताना येते. जागतिक अंदाजांत ‘अपुऱ्या दिवसांच्या जन्माची गुंतागुंत’ या एकाच नावाखाली पी०७ आणि पी२२ दोन्ही मोजतात. तुमच्याकडे ते एन९ आणि एन७ असे फुटलेले असतील, आणि आपल्या जिल्ह्यात अपुऱ्या दिवसांचे मृत्यू कमी आहेत असा खोटा दिलासा मिळेल. तसंच जन्मावेळी गुदमरण्याचं: पी२१ एन४मध्ये, पण त्यातूनच मेंदूला झालेली इजा, पी९१.६, एन५मध्ये. म्हणून गटाबरोबर मूळ कोडही ठेवा. गट कधीही पुन्हा बांधता येतात, हरवलेला कोड परत येत नाही.

सीमा: नोंद २२ पूर्ण आठवड्यांपासून किंवा ५०० ग्रॅमपासून करा, आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी २८ आठवड्यांची गाळणी नंतर लावा. गाळणी आठवड्यांचीच लावा. वाढ खुंटलेलं २९ आठवड्यांचं बाळ १००० ग्रॅमच्या खाली असू शकतं आणि वजनाच्या गाळणीतून निसटतं. उपजत मृत्यूच्या दराचा छेद म्हणजे एकूण जन्म, जिवंत अधिक मृत. नवजात मृत्यूदराला फक्त जिवंत जन्म.

नोंदवही
मनापासून आभार. आडवा-उभा तक्ता आजच करते. एक उपप्रश्न: ब्रिटनमधल्या रीकोड या उपजत मृत्यूंच्या वर्गीकरणाच्या पद्धतीत ‘कारण न सापडलेले’ फार कमी राहतात असं वाचलं. तीच का वापरू नये?

आकडेमोड
२००५ मध्ये बर्मिंगहॅमच्या गटाने ती मांडली तेव्हा जुन्या पद्धतीत सुमारे ६६ टक्के उपजत मृत्यू अनाकलनीय होते, रीकोडमध्ये ते सुमारे १५ टक्क्यांवर आले. मृत्यू तेच होते. फरक पडला तो मुख्यतः गर्भाची खुंटलेली वाढ स्वतंत्र गट म्हणून मोजल्याने. हे फार उपयोगी आहे, पण त्यासाठी आठवडे अचूक हवेत. पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी नसेल आणि तारीख फक्त पाळीवरून काढली असेल, तर दोन-तीन आठवड्यांच्या चुकीने चांगलं वाढलेलं बाळ ‘खुंटलेलं’ ठरतं. जगभर २००९ ते २०१४ या काळात वापरातल्या अशा ८१ पद्धती एका आढाव्यात सापडल्या होत्या. बाहेरच्या आकड्यांशी तुलना हवी असेल तर आयसीडी-पीएमच ठेवा. वाढीसाठी ‘आठवड्यांच्या मानाने वजन’ आणि ‘आठवडे कशावरून’ असे दोन जादा रकाने जोडा, म्हणजे रीकोडचा फायदाही हातात राहतो.

रानवाट
घरी झालेले मृत्यू यादीत आहेत का? नसतील तर तेही हवेत. तिथे शाब्दिक शवविच्छेदन, म्हणजे आई आणि घरच्यांना ठरावीक प्रश्न विचारून कारण काढणं. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांनी बालमृत्यूंसाठी याचे निकष मांडून १९९२ मध्येच प्रसिद्ध केले होते. प्रश्न लक्षणांचे विचारायचे, निदानाचे नाही: जन्मल्यावर रडलं का, हललं का, दूध ओढायचं थांबलं का, अंग गार पडलं का, पोट फुगलं का. ‘मेलेलंच जन्मलं’ असं उत्तर आलं तरी रडणं आणि हलणं हे दोन प्रश्न विचाराच. आईला एकांतात आणि बसायला वेळ देऊन विचारा. सासूसमोर घाईत घेतलेली उत्तरं वेगळी येतात.

लेबररूम
@नोंदवही, एक राहिलं. दवाखान्यातल्या मृत्यूच्या कारणाचा नमुना ४ उपजत मृत्यूसाठी वापरायचा नसतो, तसं त्यावरच छापलेलं असतं. उपजत मृत्यू नमुना ३ मध्ये जातो. तुमची यादी फक्त नमुना ४ वरून काढली असेल तर त्यात उपजत मृत्यू येणारच नाहीत. नमुना ३, लेबर रूमचं रजिस्टर आणि एसएनसीयूचं (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षाचं) रजिस्टर, तिन्ही आईचं नाव आणि प्रसूतीची तारीख लावून जुळवा. जुळी असतील तर ओळी दोन करा.