वारा फुकट, मग पवनऊर्जेला सरकारी धोरणाचा आधार कशाला?

प्रश्न:
पवनचक्कीला इंधन लागत नाही आणि अनेक देशांत नव्या पवन प्रकल्पाची वीज नव्या कोळसा प्रकल्पाच्या विजेपेक्षा स्वस्त पडते. असे असताना राष्ट्रीय ऊर्जा धोरणात हमी दर, करसवलती किंवा सरकारी लिलाव यांची तरतूद अजूनही का करावी लागते? स्वस्त वीज बाजारात आपोआप खपायला हवी ना?

प्रतिसाद १:
इंधन फुकट असणे हेच अडचणीचे मूळ आहे. कोळशावरील किंवा वायूवरील प्रकल्पाचा बराचसा खर्च वीज तयार होत असताना थोडाथोडा होतो. पवन प्रकल्पात मात्र जवळजवळ सगळा पैसा पहिले युनिट तयार होण्याआधीच घालावा लागतो आणि तो पुढील वीस-पंचवीस वर्षांत वसूल करायचा असतो. त्यामुळे व्याजदर थोडा वाढला तरी विजेची किंमत बरीच वाढते, आणि धोरण डळमळीत दिसले की कर्ज देणारे व्याज वाढवतात. अमेरिकेतील उत्पादन करसवलत, म्हणजे तयार केलेल्या प्रत्येक युनिटमागे मिळणारी करसवलत, २०१२ च्या अखेरीस संपणार होती. मुदत गाठण्याच्या घाईत त्या वर्षी सुमारे १३,००० मेगावॉट क्षमता उभी राहिली. पुढच्या जानेवारीत मुदतवाढ मिळूनही २०१३ मध्ये जेमतेम १,१०० मेगावॉटची भर पडली. वारा तर तितकाच वाहत होता!

प्रतिसाद २:
सहमत आहे, परंतु हमी म्हणजे चढा दर नव्हे. ब्रिटनमध्ये उत्पादक सरकारी लिलावात विजेच्या दराची बोली लावतात; पुढे बाजारभाव लिलावात ठरलेल्या दराच्या खाली गेला तर उत्पादकाला फरक दिला जातो आणि वर गेला तर त्याच्याकडून तो परत घेतला जातो. मात्र लिलावाच्या २०२३ च्या फेरीत, खर्च आणि व्याज दोन्ही वाढलेले असताना, बोलीसाठीचा कमाल दर इतका कमी ठेवला गेला की समुद्रातील पवन प्रकल्पांसाठी एकही बोली आली नाही. पुढच्या फेरीत तो वाढवावा लागला.

प्रतिसाद ३:
दराच्या चर्चेत पारेषण वाहिन्या, म्हणजे वीज दूरवर वाहून नेणाऱ्या तारा, नेहमीच राहून जातात. चीनने वायव्येकडील प्रांतांत भराभर पवनचक्क्या उभारल्या, पण विजेची मोठी मागणी दूर पूर्वेला होती. वायव्येतील स्थानिक ग्रिडमध्ये कोळसा प्रकल्पांनाही जागा द्यावी लागत होती. परिणामी २०१६ मध्ये देशभरातील सुमारे १७ टक्के पवनवीज घेतलीच गेली नाही. वाहिनीला जमीन आणि परवानग्या मिळण्यात पवनचक्क्या उभारण्यापेक्षा कितीतरी अधिक काळ जातो, आणि तिचा खर्च कोणी उचलायचा हे एकट्या प्रकल्पाला ठरवता येत नाही. म्हणून वाहिन्यांचे नियोजन लिलावांच्या आधी झाले पाहिजे, असे माझे मत आहे.