आईला घेऊन आरव्हीने यलोस्टोन: मार्ग, गाडी आणि मुक्कामाबद्दल सल्ला हवा आहे

सोनटक्का

नमस्कार मंडळी. आम्ही ह्यूस्टनला राहतो. नवरा, मी, ११ वर्षांची मुलगी, ६ वर्षांचा मुलगा. पुढच्या मेमध्ये माझी आई मिरजेहून सहा महिन्यांसाठी येते आहे. वय ७३. बाबा गेल्या वर्षी गेले आणि तेव्हापासून ती बाजार आणि दवाखाना सोडला तर घराबाहेर पडलेली नाही. आधी दोघं आले होते तेव्हा घर, देऊळ आणि दुकानं एवढंच झालं. आम्ही दोघं नोकरीत, मुलं लहान. या वेळी तिला खरंच काहीतरी दाखवायचं आहे.

तब्येत: रक्तदाब आहे, त्यासाठी पाण्याची गोळीही (लघवी जास्त होते ती) चालू आहे. मधुमेह गोळ्यांवर आटोक्यात. गुडघे दोन्ही दुखतात. सपाटीवर अर्धा तास चालते, जिना कठडा धरून चढते. शुद्ध शाकाहारी.

डोक्यात असं आहे: जूनअखेर ११ दिवस. लास वेगासला आरव्ही (आत पलंग, स्वयंपाकघर आणि संडास असलेली गाडी) भाड्याने घ्यायची, झायन, ब्राइस, आर्चेस, यलोस्टोन, माउंट रशमोर करून डेन्व्हरला सोडायची. आरव्ही आम्ही कधी चालवलेली नाही. केवढी गाडी घ्यावी? आईची झोपायची सोय कशी करावी? आणि तिला संडास-बाथरूमची फार काळजी आहे, पण ती ते तोंडाने बोलत नाही.

निवडुंग

स्पष्ट लिहितो, आरव्ही घेऊ नका. सासू-सासऱ्यांना घेऊन आम्ही मिनीव्हॅनने गेलो आणि केबिनमध्ये राहिलो. पक्का पलंग, पक्की न्हाणी, रात्री शांत झोप. आरव्हीला गॅलनमागे ८ ते १० मैल मिळतात, वर मैलांचं भाडं वेगळं. पैसे वाचतील असं वाटत असेल तर तो हिशोब एकदा कागदावर मांडा. शिवाय ११ दिवसांत तुम्ही लिहिलंय ते सगळं म्हणजे आई खिडकीतून फक्त हायवे बघणार.

शेवगा

सोनटक्का, मी माझ्या वडिलांना घेऊन याच भागात आरव्हीत ९ रात्री राहिलो आहे. ते तेव्हा ७६ वर्षांचे होते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निवडुंग यांचं पैशांचं म्हणणं बरोबर आहे, आरव्ही स्वस्त पडत नाही. तरीही तुमच्या आईसाठी मी आरव्हीच घ्या म्हणेन, आणि त्याचं कारण पाण्याची गोळी. आदल्या वर्षी आम्ही वडिलांना कारने फिरवलं होतं. रोज सकाळी विचारायचो, बाबा गोळ्या घेतल्या का? ते हो म्हणायचे. चौथ्या दिवशी संध्याकाळी ते बूट काढायला बसले आणि बूट निघेना, इतके पाय सुजले होते. तेव्हा कळलं की वाटेत सोय नसेल तर पोरांना सारखी गाडी थांबवावी लागेल म्हणून ते ती एक गोळी रोज रुमालात बांधून ठेवत होते. चार गोळ्या, गाठ मारलेल्या रुमालात. त्यांनी पाणी पिणंही कमी केलं होतं. मला आजही तो रुमाल आठवला की पोटात कालवतं. आपली माणसं त्रास सांगत नाहीत, त्रास द्यायचा नाही म्हणून गोळी टाळतात. आरव्हीत संडास दहा पावलांवर असतो. गाडी कडेला लावली की झालं, कुणाला विचारायला नको. तुमची आई तोंडाने बोलत नाही असं तुम्ही लिहिलंत, म्हणून हे आधी सांगितलं.

आता मार्ग. तुमच्या यादीतलं अर्धं आधी काढून टाका. जूनअखेरीस आर्चेसला उन्हाने जीव जाईल. झायनच्या बोगद्यातून जून २०२६ पासून ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच किंवा ७ फूट १० इंचांपेक्षा रुंद गाडी सोडत नाहीत, आणि भाड्याच्या बहुतेक आरव्ही त्या मापात बसत नाहीत. रशमोर तर पार दुसऱ्या टोकाला. शिवाय एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडायची म्हणजे वेगळे पैसे पडतात.

मी असं करेन. विमानाने सॉल्ट लेक सिटी. पहिली रात्र हॉटेलात, कारण गाडी ताब्यात घेताना तासभर तरी समजावून सांगतात आणि विमानातून उतरलेल्या आईला तिथे ताटकळत बसवू नये. दुसऱ्या दिवशी लोगन कॅन्यनमधून बेअर लेक, दोन रात्री. तिथून ८९ नंबरच्या रस्त्याने आफ्टन, अल्पाइन, जॅक्सन करत ग्रँड टिटनमधलं कोल्टर बे, तीन रात्री. मग यलोस्टोनमधलं फिशिंग ब्रिज, तीन रात्री. येताना वेस्ट यलोस्टोनवरून आयडाहो फॉल्सला एक रात्र आणि परत सॉल्ट लेक.

या मार्गात दोन फायदे आहेत. पहिला उंचीचा. सॉल्ट लेक ४,२०० फूट, बेअर लेक ५,९००, कोल्टर बे ६,८००, फिशिंग ब्रिज ७,७००. शरीराला पायरीपायरीने सवय होते. ह्यूस्टन समुद्रसपाटीला आहे, थेट वर नेलंत तर पहिले दोन दिवस डोकेदुखी आणि धाप यातच जातील. डॉक्टरांना उंचीबद्दल आधी विचारून घ्या, मुख्यतः पाण्याच्या गोळीबद्दल. दुसरा फायदा घाटाचा. आयडाहोकडून जॅक्सनला येताना नकाशा तुम्हाला टिटन पासवरून नेईल. तिथे १० टक्के उतार आहे, नवख्या माणसाने आरव्ही घालू नये. अल्पाइनवरून येणारा रस्ता स्नेक नदीच्या काठाकाठाने येतो, घाट असा नाहीच. इतर कुठेही उतार लागला की गिअर खाली घ्या, नुसत्या ब्रेकवर गाडी उतरवू नका.

कोल्टर बे आरव्ही पार्क आणि फिशिंग ब्रिज या दोन्ही ठिकाणी वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी जागेवरच मिळते. यलोस्टोनच्या आत अशी जोडणी असलेलं फिशिंग ब्रिज हे एकच आहे, त्यामुळे विमानाच्या तिकिटाआधी तिथली जागा बघा आणि तारखा त्याप्रमाणे ठरवा. तिथे तंबू चालत नाही, ग्रिझली अस्वलांचा भाग आहे, पक्क्या भिंतींची गाडीच लागते. लेक व्हिलेजचा दवाखाना जवळ आहे, हेही तुमच्यासाठी महत्त्वाचं.

गाडी २५ फुटांच्या आसपासची क्लास सी, म्हणजे ड्रायव्हरच्या जागेवर माळा असलेली आरव्ही. साध्या लायसन्सवर चालते. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या माळ्यावर मुलं, टेबल मोडून होणाऱ्या पलंगावर तुम्ही दोघं, मागचा कायमचा पलंग आईला. मागचा पलंग तुम्ही घेऊ नका. टेबलाचा पलंग रोज रात्री घालावा आणि सकाळी मोडावा लागतो, म्हणजे आईला बाकीचे उठेपर्यंत पडून राहावं लागेल किंवा सगळ्यांच्या आधी उठून अवघडून बसावं लागेल. बुक करताना फोटोवर जाऊ नका, आतला आराखडा मागा. मागचा पलंग भिंतीच्या कोपऱ्यात असेल तर बाहेरच्या कडेने उतरता येतं का, आणि संडासाचं दार पलंगापासून किती पावलांवर आहे, एवढं बघा.

चालत्या गाडीत आईने पट्टा लावून बसायचं, तोंड पुढे असलेल्या सीटवर. चहा ठेवायला, पलंगावर आडवं व्हायला उठायचं नाही. हे पहिल्याच दिवशी प्रेमाने पण ठाम सांगा. आमचे वडील मुलाला बिस्किट द्यायला उठले आणि नेमकं पुढच्याने ब्रेक मारला. ते सीटच्या पाठीला धरून वाचले.

संडासाचं म्हणाल तर आपली पाण्याची सवय इथे उपयोगीच पडते. आत पाण्याचा मग ठेवा. खालच्या काळ्या टाकीत, म्हणजे संडासाच्या टाकीत, पाणी भरपूर गेलं तर सगळं सुटं राहतं, कमी पाणी वापरणाऱ्यांचीच टाकी तुंबते. फक्त ती लवकर भरते. म्हणून जोडणी असलेला मुक्काम घ्या. आणि जोडणी आहे म्हणून काळ्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवू नका, पाणी वाहून जातं आणि घाण मागे राहते. टाकी निम्म्याहून जास्त भरली की आधी काळी सोडायची, मग आंघोळीच्या पाण्याची, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो. हातमोजे घाला. गरम पाण्याची टाकी बहुतेक ६ गॅलनची, साधारण २३ लिटर. आईला आधी आंघोळ करू द्या.

बघायचं काय, ते थोडक्यात. ओल्ड फेथफुलला बाकं आहेत, गरम पाण्याचं कारंजं साधारण दीड तासाने उडतं आणि पुढची वेळ लिहून ठेवलेली असते. आर्टिस्ट पॉइंटला गाडीतळापासून थोडंच चालून ३०८ फुटांचा लोअर फॉल्स समोर दिसतो. धबधब्याच्या माथ्याशी नेणारी ब्रिंकची वाट मात्र तीव्र उताराची आहे, गुडघ्यांना नको. मिडवे या गरम झऱ्यांच्या भागाचा गाडीतळ लहान आहे, आरव्ही घेऊन सकाळी लवकर जा किंवा संध्याकाळी. हेडन व्हॅली फिशिंग ब्रिजच्या जवळ आहे, तिथे बायसन (अमेरिकेतले रानगवे) रस्त्यावर येतात. आरव्हीची खिडकी उंच असते, आईला बसल्या जागी दिसतील.

आणि एक जागा यादीत नसली तरी थांबा. वेस्ट थंबहून ओल्ड फेथफुलला जाताना क्रेग पासवर रस्त्यालगत कमळांची पानं तरंगणारं एक छोटं तळं आहे, आयसा लेक. त्याचं पाणी दोन्हीकडे उतरतं, एका टोकाचं अटलांटिकला आणि दुसऱ्या टोकाचं पॅसिफिकला. तुमची आई मिरजेची, कृष्णाकाठची. महाबळेश्वरला कृष्णा पूर्वेला आणि सावित्री पश्चिमेला जाते हे तिला सांगावं लागणार नाही. माझे वडील तिथे वीस मिनिटं उभे होते आणि नातवाला हातवारे करून सह्याद्री समजावत होते. त्या सहलीत ते सर्वांत जास्त बोलले ते तिथे.

हिरडा

अगं सोनटक्का, स्वयंपाकाचं मी सांगते. कुकर घेऊन जा, तीन लिटरचा. फिशिंग ब्रिजच्या उंचीवर पाणी ९२ अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजत नाही म्हणजे नाहीच. फोडणी करताना आधी छताचा पंखा चालू कर आणि खिडकी उघड, नाहीतर मिरची पडली की धुराचा भोंगा वाजतो आणि सगळा कॅम्प जागा होतो. बऱ्याच गाड्यांत वीज ३० अँपियरची असते. एसी, मायक्रोवेव्ह आणि पाण्याची किटली एकदम लावलीस की खटका पडतो. चहा गॅसवरच कर.

निघायच्या आधी प्रत्येक कपाट आणि खण लावून बघ. स्टीलच्या डब्यांमध्ये टॉवेल घाल. आम्ही विसरलो होतो, पहिल्या वळणावर मागे लेझीम सुरू झाली आणि सासूबाई घाबरून गेल्या.

मेतकूट, भाजणी, भाजलेला रवा, लसणाची चटणी हे घरून. आईला रोज चुलीशी उभी करू नकोस, पण तिला काही करूच नकोस असंही म्हणू नकोस. भाजी निवडायला दे, बाहेरच्या टेबलावर. माझ्या सासूबाईंना बसून राहा म्हटलं की त्या आपण ओझं झालो असं समजायच्या.

आणि जेवणाआधी कावळ्याला घास ठेवायची सवय असेल तर तिला आधीच सांगून ठेव. तिथे प्राण्यापक्ष्यांना खायला घालणं गुन्हा आहे, आणि अस्वल येतं. तिथले डोमकावळे पिशवीची चेनसुद्धा उघडतात. जेवण झालं की टेबलावर कण ठेवायचा नाही.

जूनअखेरीसही रात्री कडाक्याची थंडी असते. आईला लोकरीचे मोजे आणि कानटोपी.

निवडुंग

शेवगा, रुमालाचं वाचलं. माझा विरोध मी मागे घेतो, निदान या आईपुरता.

दोन गोष्टी माझ्याकडून. आईचा प्रवासी विमा घेताना आधीपासूनच्या आजाराचा अचानक उद्भवलेला त्रास त्यात धरला आहे का, आणि ७३ वयाला किती रकमेपर्यंत, हे कागदावर वाचा. दुसरं म्हणजे प्रवेश फी. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसाला ११ पार्कांत १०० डॉलर जादा पडतात, त्यात यलोस्टोन आणि ग्रँड टिटन दोन्ही आहेत. परदेशी पाहुण्यांचा वर्षाचा पास २५० डॉलरचा. ज्येष्ठांचा सवलतीचा पास फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना, आई व्हिजिटर व्हिसावर असेल तर मिळणार नाही. जायच्या आधी पार्कच्या संकेतस्थळावर सगळे नियम बघून घ्या.

सोनटक्का

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवगा, तुमचं नवऱ्याला वाचून दाखवलं. काल रात्री (तिची सकाळ) आईला फोन केला. आधी पाण्याच्या गोळीचं सरळ विचारलं. ती जरा वेळ गप्प झाली आणि म्हणाली, "गेल्या वेळी तुमच्याकडून डॅलसला गेलो, तेव्हा नव्हती घेतली." तुमच्या वडिलांसारखंच. मला तेव्हा काहीच कळलं नव्हतं.

वेगास ते डेन्व्हर रद्द. तुमचाच मार्ग पक्का, आधी फिशिंग ब्रिजच्या तारखा बघते आहे. मागचा पलंग तिचा हेही सांगितलं. त्यावर "अगं, मुलांना द्या, मी कुठेही पडेन" सुरू झालं, मी ऐकलं नाही. आयसा लेकचं सांगितल्यावर मात्र तिने नाव दोनदा विचारून लिहून घेतलं.

फोन ठेवल्यावर अर्ध्या तासाने तिचाच फोन आला. शेजारच्या मुलाकडून टेप मागवून तिने घराच्या पायऱ्या मोजल्या होत्या. म्हणाली, "माझी पायरी साडेसात इंचांची आहे, तेवढी मी आरामात चढते. तुमच्या गाडीची किती आहे ते विचार." तर शेवगा, किती असते?

शेवगा

आतल्या पायऱ्या तिला जमतील, त्रास देते ती जमिनीपासूनची पहिली. आमच्या गाडीची तेरा इंच होती. गाडी मिळाल्यावर त्यांच्यासमोरच टेपने मोजा. घडीचा ॲल्युमिनियमचा पाट मिळतो, सात-आठ इंच उंचीचा आणि चारही पाय वेगवेगळे वरखाली करता येणारा, तो आजच मागवा. दाराशी बाहेरून धरायचा दांडा आहे ना तेही बघा, आणि तो तिच्या कुठल्या हाताला येतो हे तिला आधी कळवा. तिथे मिरजेत तेवढ्या उंचीचा पाट ठेवून दोन महिने सराव करेल ती.