छतावर सोलर घेतल्यानं रोजच्या जगण्यात खरंच फरक पडतो का? सोलापूरकरांनो अनुभव सांगा

जुळे_सोलापूरकर

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात आमचं साधं स्लॅबचं घर आहे, वर मोकळी गच्ची. घरात आई-वडील, आम्ही दोघं आणि दोन पोरं. मार्च लागला की कूलर चालू होतो तो पाऊस पडेपर्यंत, पारा ४३-४४ ला टेकला की रात्रीसुद्धा भिंती तापलेल्याच असतात आणि त्या तीन महिन्यांत बिल अडीच हजाराच्या खाली येत नाही. ३ किलोवॅटचं सोलर बसवायचं डोक्यात आहे. वडील म्हणतात, एवढे पैसे घालायचे आणि वीज तर तीच, मग नवीन काय मिळालं? मला उत्तर देता आलं नाही. बिल कमी होतं हे कळतंय, पण त्यापलीकडं माणसाच्या दिवसात काय बदलतं ते ज्यांनी घरावर बसवलंय, शेतात पंपाला घेतलंय त्यांनी सांगा. जाहिरातीतलं नको, घरातलं सांगा.

होटगीरोडची_अक्का

आम्हाला ३ किलोवॅट बसवून सव्वा वर्ष झालं. एक लाख नव्वद हजार लागले, त्यातले ७८ हजार पीएम सूर्यघर योजनेतून नंतर खात्यात आले. वर्षभराची सरासरी धरली तर दिवसाला १२ युनिटच्या आसपास, पावसाळ्यात आभाळ दाटलं की पाच-सहावर येतं.

आता तुमच्या वडिलांच्या प्रश्नाचं. माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या. आम्ही दोघं कामाला बाहेर पडलो की त्या कूलर बंद करायच्या. ओला पंचा मानेवर टाकून दाराजवळ फरशीवर बसायच्या, संध्याकाळी आम्ही आलो की तोंड लाल झालेलं. कितीही सांगा, बिल येतंय म्हणायच्या. सोलर बसल्यावर मी त्यांना मीटरपाशी नेलं, दुपारी वीज उलटी बाहेर जाते तो आकडा दाखवला, म्हटलं ही आपल्या गच्चीवरची आहे, आधी तुम्ही वापरा. दुसऱ्या दिवसापासून जेवण झालं की कूलर लावून झोपायला लागल्या. मागचा मे महिना त्यांना एकदाही चक्कर आली नाही. माझ्यासाठी पैसे तिथंच वसूल झाले.

दुपारची भाजी, डाळ आता इंडक्शनवर होते, महिनाभर पुरणारा सिलेंडर आता दीड महिना जातोय. एक सांगते, धूळ लई बसते आपल्याकडं. आमच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळं धुवायला दोनच बादल्या ठेवते, पहाटे उन्हं यायच्या आत मऊ फडक्यानं पुसून घेते. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. बोअरचं पाणीही नको, पांढरे डाग पडतात ते निघत नाहीत.

सांगोल्याचा_डाळिंबवाला

दादा, गावाकडचं मी सांगतो. शेतीची थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळतं. रात्रीची पाळी असली की बाराला उठायचं, हातात बॅटरी, पायात गमबूट, आणि दारं मोडायला, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायला, रानात उतरायचं. माझ्या चुलत्याला असंच पाणी धरताना घोणस चावली, वाचले पण पायाची दोन बोटं गेली. त्यानंतर मी रात्री रानात गेलो की आई ओट्यावर बसून राहायची. मी येऊन पाय धुतल्याशिवाय आत जायची नाही, थंडी असो काही असो. आणि एवढं करून मध्येच लाईट गेली, डीपी जळाली, की आठ-आठ दिवस झाडं वाळायची.

२०२४ ला मागेल त्याला सौर कृषी पंप योजना आली तेव्हा अर्ज केला. खुल्या गटाला पंपाच्या किमतीच्या दहा टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीला पाच टक्के. जमीन अडीच एकरापर्यंत असली की ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५, त्याच्या वर साडेसात. मला ५ चा मिळाला. पैसे भरल्यावर लई महिने थांबावं लागलं, ज्यांच्याकडं काम होतं ते फोनच उचलायचे नाहीत, हे पण लिहून ठेवतो म्हणजे तुम्ही पीक तोंडावर आल्यावर अर्ज करणार नाही.

आता नऊच्या सुमारास पंप चांगलं पाणी उचलायला लागतो आणि चारनंतर मंदावतो. ठिबकला एकदम सगळ्या बागेला प्रेशर येत नाही, व्हॉल्व्ह बदलत तुकड्या-तुकड्यानं द्यावं लागतं. ढग आला की धार बारीक, ऊन पडलं की परत जोर, हे बघत बांधावर बसायचं. पण रात्री मी घरात असतो ओ. पोरगी चौथीला आहे, तिचा पाढा ऐकून झोपतो. आई साडेनऊला झोपलेली असते. वडिलांना एवढं सांगा की वीज तीच असली तरी ती कुठल्या वेळेला मिळते त्यावर माणसाची झोप आणि जीव दोन्ही अवलंबून असतं.

एक गोष्ट मात्र मला खुपते. बिल नाही म्हणून काहीजण दिवसभर पंप बंदच करत नाहीत. आमच्या शिवारात एकाची विहीर जानेवारीतच तळाला गेली, त्याच्यामागं शेजारच्या दोन बोअरही. ऊन रोज येणार आहे, जमिनीखालचं पाणी तसं येत नाही. पाटानं सोडू नका, ठिबक असेल तरच सोलर पंपाचा खरा फायदा.

टॉवेल_कारखाना

आमचे टेरी टॉवेलचे लूम आहेत, शेडवर पत्रा आहे म्हणून पॅनल बसवले. सूर्यघरची सबसिडी फक्त घरगुती कनेक्शनला, कारखान्याला मिळत नाही हे आधी लक्षात घ्या. दिवसपाळीचं बिल बरंच उतरलं, रातपाळीला अजून बाहेरचीच वीज. कामगारांसाठी शेडमध्ये पंखे वाढवले, उन्हाळ्यात पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं, पॅनलखालच्या भागात पत्रा आता तेवढा तापत पण नाही.

सिस्टर_अक्कलकोट

मी अक्कलकोट तालुक्यात आरोग्य खात्यात आहे. आमच्या केंद्रावर बॅटरीसकट सोलर आहे, त्यावर लिहिते कारण याबद्दल कोणी बोलत नाही. लसी दोन ते आठ डिग्रीत ठेवाव्या लागतात. पूर्वी वळवाच्या पावसात तारा तुटल्या की आम्ही लसीच्या फ्रीजचं झाकण उघडायचो नाही, थर्मामीटर बघत बसायचो, लाईट नाहीच आली तर आईसपॅक घालून लसी दुसरीकडं हलवायच्या. आणि प्रसूती. जून महिन्यातली एक रात्र मी विसरणार नाही, बाळ बाहेर आलं आणि त्याच क्षणी अंधार, आयाबाईंनी मोबाईलचा टॉर्च धरला आणि मी नाळ कापली. आता तारा तुटल्या तरी प्रसूतीच्या टेबलावरचा दिवा चालू राहतो, बाळाला ऊब देणारा वॉर्मर मात्र बॅटरीवर फार वेळ चालत नाही, तेवढं अजून हवंय. बॅटरीचं पाणी आणि टर्मिनल कोण बघणार हे ठरवून ठेवा, नाहीतर दोन-तीन वर्षांत सगळं शोभेचं होऊन बसतं.

वायरमन_भाऊ

मी सोलर फिटिंगचं काम करतो, सिस्टरांनी बॅटरीचा विषय काढलाच आहे तर मुद्द्याचं सांगतो. घरावर बसतं ते बहुतेक ऑनग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडलेलं, बॅटरी नसलेलं. लाईट गेली की तेही बंद पडतं, भर उन्हात सुद्धा. लोक म्हणतात फसवलं. फसवलेलं नसतं, खांबावर काम करणाऱ्या माणसाला तुमच्या घरातून आलेला करंट लागू नये म्हणून इन्व्हर्टर आपोआप थांबतो. लाईट गेल्यावरही पाहिजे असेल तर हायब्रिड आणि बॅटरी, खर्च बराच वाढतो.

३ किलोवॅटला ३०० चौरस फूट मोकळी जागा धरा, तोंड दक्षिणेला. सबसिडीसाठी भारतात बनलेल्या सेलचेच पॅनल लागतात आणि पोर्टलवर नोंद असलेल्याकडूनच काम करून घ्यायचं. अर्थिंग आणि वीजरोधक यात पैसे वाचवू देऊ नका, आपल्याकडं वळवात विजा किती पडतात माहितीये. बिल शून्य येईल असं कोणी म्हणालं तर स्थिर आकार तरी भरावाच लागतो. आणि कडक ऊन म्हणजे जास्त वीज हाही गैरसमज, पॅनल तापला की त्याची ताकद घटते. २५ डिग्रीला मोजलेला पॅनल आपल्या मे महिन्यात साठ-पासष्टला जातो, तेव्हा दहा-बारा टक्के सहज कमी. म्हणून पॅनल स्लॅबला चिकटवून न बसवता उंच घ्या, खालून वारा गेला पाहिजे.

अजून एक, पाण्याचं. होटगीजवळचं १३२० मेगावॅटचं वीजकेंद्र कोळशावर चालतं, त्याला उजनीचं पाणी लागतं. अक्का दोन बादल्यांत भागवतात. आपल्यासारख्या पाण्यासाठी जागणाऱ्या गावाला हा हिशोब बिलापेक्षा मोठा आहे असं मला मनापासून वाटतं.

जुळे_सोलापूरकर

सगळ्यांचे आभार. डाळिंबवाले दादा, तुमचं लिहिलेलं वडिलांना वाचून दाखवलं. त्यांचं लहानपण मोहोळकडं गेलंय, रात्रीचं पाणी त्यांनीही धरलंय. काही बोलले नाहीत, नंतर स्वतःच गच्चीवर जाऊन टेप लावून मोजून आले. ३४० चौरस फूट भरतंय. पण दक्षिणेच्या कोपऱ्यात पाण्याची टाकी आहे, तिची सावली पडेल का? मेमध्ये दुपारी बघितलं होतं तेव्हा तर काही पडत नव्हती.

वायरमन_भाऊ

मे महिन्यावर जाऊ नका, तेव्हा सूर्य सोलापूरच्या बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सुद्धा सावली पडत नाही. सगळ्यात लांब सावली डिसेंबरात, आणि ती उत्तरेकडं म्हणजे नेमकी तुमच्या पॅनलवर. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता खडूनं रेघा मारा. एका पॅनलच्या कोपऱ्यावर सावली आली तरी त्या ओळीतल्या बाकीच्यांची वीजसुद्धा घटू शकते.

जुळे_सोलापूरकर

आज रविवार होता, पोरांना कामाला लावलं. नऊची आणि बाराची रेघ झाली, टाकीची सावली पावणेचार फुटांपर्यंत येतीये. वडील म्हणतायत टाकी जिन्यावरच्या स्लॅबवर हलवू, ती उत्तरेला आहे. चारची रेघ मारून फोटो टाकतो.